इंजिनाचे दोषसंकेत : वाचन, निदान आणि दुरुस्ती

कुर्ल्याहून ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रस्ता. घाटकोपर ओलांडून तो विक्रोळीत शिरतो. पश्चिमेस पार्कसाइटची टेकडी, पूर्वेस रेल्वेपलीकडे टागोरनगर व कन्नमवारनगर या वसाहती, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि शेवटी ठाण्याची खाडी, असा हा टापू आहे. कारखाने आणि रहदारी यांच्या आधाराने येथे मोटार दुरुस्तीचा धंदा रुजला. याच रस्त्यावर कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. तेथे तयार झालेल्या पद्मिनी मोटारीने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, तशाच ती दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांच्याही. कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवावयाचा, प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावयाचा, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकावयाचा आणि निदान सांगावयाचे, ही त्या काळची विद्या होती. ती उस्तादाकडून पोऱ्याकडे जात असे. तिला पुस्तक नव्हते.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर एक दुरुस्तीपद्धतही मागे पडली. आज गॅरेजात येणाऱ्या बहुतेक मोटारींत कार्बुरेटर नसतो. इंधन किती द्यावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, याचा निर्णय एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घेतो. काही बिघडले तर तोच चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाची नोंद अंकांत करून ठेवतो. या नोंदीस दोषसंकेत म्हणतात. मेकॅनिक त्यास नुसते ‘कोड’ म्हणतात.

हा विषय केवळ गॅरेजवाल्यांचा नाही. जिल्हा परिषदेच्या जीपगाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रुग्णवाहिका, नगरपालिकांच्या व मोठ्या ग्रामपंचायतींच्या कचरागाड्या यांतही हेच नियंत्रक आहेत. दिवा लागला म्हणून गाडी उभी राहते, दुरुस्तीचे देयक येते, ते मंजूर करणाऱ्यास त्यातील एकही शब्द कळत नाही आणि महिन्याभराने तोच दिवा पुन्हा लागतो. हा अनुभव कार्यालयांना नवीन नाही. तेवढ्या काळात रुग्णवाहिका उभी असते, हे त्यातील अधिक गंभीर होय.

दिवा आला कोठून

दिव्यामागे मूळ प्रेरणा आहे ती हवेच्या प्रदूषणाची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मोटारींपासून बिघाड स्वतःच ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. पुढे १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सर्व कंपन्यांस एकच १६ पिनांचा जोड आणि एकच संकेतभाषा लागू झाली. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’, बसवावा लागला व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०१० रोजी मुंबईसह प्रमुख शहरांत भारत स्टेज-४ मानके आली, तेव्हा ही स्वयंनिदान यंत्रणा पहिल्या स्वरूपात आली. एप्रिल २०१३ पासून तिचे दुसरे, अधिक बारकाईचे स्वरूप लागू झाले. एप्रिल २०१७ मध्ये स्टेज-४ देशभर झाले, आणि पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. यास्तव जिल्ह्याच्या ठिकाणी घेतलेली नवी गाडी आणि विक्रोळीत घेतलेली गाडी यांच्या नियंत्रकांत आता भेद उरलेला नाही. भेद आहे तो दुरुस्तीच्या सोयीत.

संकेताची बाराखडी

चालकाच्या पायाजवळ, डॅशबोर्डाखाली, तो १६ पिनांचा जोड असतो. त्यातील १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा प्रवाह व ४ क्रमांकावर अर्थ असतो. स्कॅनर लावूनही तो चालू होत नसेल तर प्रथम या दोन पिना तपासाव्यात. पुष्कळदा सिगारेट लायटरचा फ्यूज उडालेला असतो आणि अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर हा जोड चालतो.

संकेत पाच चिन्हांचा असतो. पहिले अक्षर. पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा गाडीचा खालचा भाग, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे नियंत्रकांमधील परस्परसंदेश. दुसरे स्थान शून्य असेल तर संकेत सर्व कंपन्यांस समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसरा अंक विभाग सांगतो. एक व दोन हवा-इंधनाचे, तीन ठिणगीचे, चार धूरनियंत्रणाचे. शेवटचे दोन अंक नेमका दोष दर्शवितात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे, मेकॅनिकाच्या भाषेत गाडी एक नंबरला ‘मिसिंग’ मारते आहे.

नियंत्रकास हे कळते कसे? क्रँकशी जोडलेल्या चाकाचे दाते एका सेन्सरसमोरून जातात. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला किंचित वेग मिळतो. एखादा पेटला नाही की तेवढ्या क्षणापुरता वेग घसरतो. हा सेकंदाच्या सूक्ष्म अंशाचा फरक नियंत्रक मोजतो. जुना उस्ताद जे कानाने ऐकत असे, तेच हा सेन्सर मोजून ऐकतो.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. बहुतेक दोषांसाठी तो लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच खूण दिसल्याखेरीज लागतही नाही. परंतु दिवा लुकलुकत असेल तर वेग व भार तत्काळ कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल तेव्हा सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटमध्ये जाऊन जळत असते. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा मुलामा असलेली त्याची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. मग साध्या प्लगच्या दुरुस्तीऐवजी कितीतरी पटींनी महाग वस्तू बदलावी लागते.

संकेत हे सुट्या भागाचे नाव नव्हे

या विषयातील बहुतेक पैसा एका गैरसमजापायी वाया जातो. स्कॅनरवर ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द दिसले की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वस्तुतः संकेत एवढेच सांगतो की अमुक मंडलातील आकडा अपेक्षेबाहेर आहे. तो आकडा सेन्सरमुळे बिघडला, तारेमुळे बिघडला, की सेन्सर खरेच सांगतो आहे आणि इंजिनच बिघडले आहे, हे शोधणे माणसाचे काम होय. डॉक्टरने तापमापीवर १०३ अंश पाहून तापमापी बदलावी, तसा हा प्रकार आहे. काही उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल.

पी ०३०१ चेच घ्या. कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही दोषी असू शकते. प्रत्येक सिलिंडरास वेगळी कॉइल असलेल्या गाडीत पहिल्या सिलिंडराची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी, संकेत पुसावा आणि गाडी चालवावी. आता पी ०३०३ आला तर कॉइल दोषी ठरली. पी ०३०१ च राहिला तर प्लगची अदलाबदल करावी, नंतर इंजेक्टरची. सर्व अदलाबदलीनंतरही पहिलाच सिलिंडर चुकत असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. या साऱ्यात एक रुपयाचाही नवा भाग लागत नाही. अर्धा-पाऊण तास मात्र जातो, आणि गर्दीच्या गॅरेजात तोच परवडत नाही ही अडचण खरी आहे.

दुसरे उदाहरण पी ०११८ चे. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो. तार तुटली तर नियंत्रकास रोध अनंत भासतो व तो तापमान उणे ४० अंशांच्या जवळपास दाखवितो. मुंबईत उणे ४० अंश! अशा वेळी सेन्सरचा जोड काढून त्याच्या तारेकडील दोन टोकांत एक साधी तार क्षणभर लावावी. स्कॅनरवरील तापमान एकदम १३० अंशांच्या आसपास उडाले तर तार व नियंत्रक ठीक आहेत आणि सेन्सर निकामी आहे. ते उणे ४० वरच राहिले तर सेन्सर बदलून काही साधणार नाही. दोष तारेत, जोडात किंवा क्वचित नियंत्रकात आहे. हा दोष तसाच ठेवला तर नियंत्रक इंजिन थंड समजून इंधनाचे प्रमाण चुकवितो, गाडी पेट्रोल अधिक खाते आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहतो.

तिसरा संकेत अधिक उद्बोधक आहे. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर धुरातील उरलेला प्राणवायू पाहून हवा जास्त असल्यास ०.१ व्होल्टच्या आसपास व पेट्रोल जास्त असल्यास ०.९ व्होल्टच्या आसपास दाब देतो. त्यानुसार नियंत्रक पेट्रोल वाढवितो वा घटवितो. ही वाढ-घट टक्क्यांत स्कॅनरवर दिसते. तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. संकेतापेक्षा हा आकडा वाचावयास शिकणे महत्त्वाचे. गाडी उभ्या जागी चालू असता वाढ २० टक्के, आणि २,५०० फेऱ्यांवर नेली की ती तीन-चार टक्क्यांवर येते, असे दिसले तर कोठेतरी व्हॅक्यूमचा पाइप फाटला किंवा गॅस्केटातून चोरटी हवा शिरते आहे. कारण मंद गतीत त्या फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी असते, वेगात ती नगण्य ठरते. याउलट, उभ्या जागी वाढ थोडी आणि भार पडला की अधिकाधिक होत जाते, तर पेट्रोलचा पंप थकला, फिल्टर तुंबला किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला आहे. एकाच संकेताच्या पोटात असे दोन अगदी निराळे रोग असतात. ऑक्सिजन सेन्सर दोहोंतही निर्दोष असतो, आणि बदलला जातो तो बहुधा तोच.

पी ०४२० विषयी थोडक्यात. कॅट नीट काम करीत नाही, असे तो सांगतो. परंतु कॅट बदलण्यापूर्वी सायलेन्सरचा जोड गळतो काय, मागचा सेन्सर खरे सांगतो काय आणि आधी मिसिंगचा दोष येऊन गेला काय, हे क्रमाने पाहावे. कॅट काढून त्या जागी नुसती नळी बसविण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो बेकायदेशीर आहे आणि त्याने दिवाही विझत नाही.

पावसाळा, उंदीर आणि गॅस

संकेतांच्या छापील यादीत न सापडणारी कारणे विक्रोळीसारख्या ठिकाणी बरीच असतात. चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीची खारी हवा यांमुळे जोडांच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली उंदीर बसतात व तारांची वेष्टणे कुरतडतात. अशा गाडीत एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा संकेत एकदम येतात. तेव्हा पाच सेन्सर एकाच दिवशी मेले असे न मानता त्यांची सामाईक तार, सामाईक फ्यूज व सामाईक अर्थ शोधावा. साधा मल्टिमीटर येथे महागड्या स्कॅनरहून उपयोगी पडतो. बंद गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.५. इंजिन चालू ठेवून त्याचा धातूचा भाग व बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक असेल तर अर्थची पट्टी सोडवून, घासून पुन्हा आवळावी. पुष्कळशी ‘नियंत्रक गेला’ म्हणून सांगितलेली गाडी एवढ्याने सुधारते.

साचलेल्या पाण्यात अडकलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत असंख्य मोटारी बुडाल्या. अशा गाडीस स्कॅनर लावणे दूरच, चावीसुद्धा फिरवू नये. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम बॅटरी सोडवावी, हवेचा फिल्टर पाहावा, प्लग काढून पाणी बाहेर काढावे आणि नियंत्रकाचे जोड उघडून वाळवावेत. संकेतांचा विचार त्यानंतर.

मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सी व खासगी मोटारी मोठ्या संख्येने आहेत. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यानंतर हे इंधन शहरात पसरले. बाहेरून किट बसविलेल्या गाडीत पी ०१७१ किंवा मिसिंगचा संकेत आला की एक साधी कसोटी करावी. गाडी पेट्रोलवर घेऊन फ्युएल ट्रिम पाहावा, नंतर गॅसवर घेऊन. पेट्रोलवर आकडे ठीक आणि गॅसवर बिघडलेले असतील तर गाडीच्या मूळ यंत्रणेस हात लावू नये. गॅसचा फिल्टर, रिड्यूसर वा गॅसचे इंजेक्टर तपासावेत. गॅसचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून थकलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो.

डिझेल गाड्यांचा नवा प्रश्न

ग्रामीण भागाशी अधिक संबंध असलेला संकेत म्हणजे पी २४६३. स्टेज-६ डिझेल गाडीच्या धुरवाटेवर काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो भरला की नियंत्रक जादा इंधन देऊन तेथील तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो व काजळी जाळून टाकतो. यासाठी गाडी काही वेळ एकसारखी, बऱ्या वेगाने धावावी लागते. विक्रोळीच्या कोंडीत फिरणारी गाडी आणि आरोग्य केंद्र ते शेजारचे गाव एवढ्याच खेपा करणारी रुग्णवाहिका, दोघींचेही दुखणे एकच. काजळी जाळण्याची संधीच मिळत नाही. फिल्टरचा दिवा प्रथम लागतो तेव्हाच गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटे सलग चालविल्यास तो बहुधा विझतो. दुर्लक्ष केले तर गाडीची शक्ती कमी केली जाते, आणि अखेर फिल्टर काढून साफ करणे किंवा बदलणे भाग पडते. वाहनचालकास ही एक गोष्ट समजावून सांगितली तरी मोठा खर्च वाचेल.

ज्या डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण भरावे लागते तेथे ३२.५ टक्क्यांचे शुद्ध द्रावणच वापरले पाहिजे. शेतीच्या युरियाचे पोते पाण्यात विरघळवून भरण्याची युक्ती स्वस्त वाटते. त्यातील अशुद्ध पदार्थांनी पंप व फवारा तुंबतात आणि उत्प्रेरक खराब होतो.

पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

स्कॅनरवरील एक कळ दाबली की सारे संकेत पुसले जातात व दिवा विझतो. बॅटरीची तार काढून ठेवल्यानेही बऱ्याच गाड्यांत तसेच होते. दुरुस्ती न करता एवढेच करून पैसे घेणे सोपे आहे. तथापि नियंत्रकाच्या स्मृतीत त्याचा माग राहतो. संकेत पुसताच कॅट, ऑक्सिजन सेन्सर इत्यादींच्या आत्मपरीक्षांचे निकालही पुसले जातात आणि स्कॅनरवर त्या परीक्षा ‘अपूर्ण’ दिसतात. त्या पुऱ्या होण्यास थंड इंजिनापासून सुरुवात, काही वेळ उभ्या जागी, काही वेळ शहरात व काही वेळ सलग वेगात, अशी मिश्र धाव लागते, कधी काही दिवस. म्हणून गाडी ताब्यात घेताना दिवा विझलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. परीक्षा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा स्कॅनर लावावा.

संकेत पुसण्यापूर्वीची नोंद त्याहून मोलाची. दोष घडला त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या, पाण्याचे तापमान, वेग, भार काय होते याचे एक क्षणचित्र नियंत्रक जपून ठेवतो. दोष थंड इंजिनावर घडला की चढावर, हे त्यावरून कळते. घाईने पुसणारा मेकॅनिक हा पुरावाच नष्ट करतो.

पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आदी मोजतात. ती प्रमाणपत्रासाठी आवश्यक आहे, पण दिव्यामागचे कारण ती सांगत नाही, आणि ती उत्तीर्ण झाली म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

साधने कोणाच्या हाती

समान संकेत कोणताही स्वस्त स्कॅनर वाचतो. परंतु कंपनीचे खास संकेत, नियंत्रकाची नवी जुळणी, चावीची ओळख ही कामे बरीच वर्षे कंपनीच्या अधिकृत केंद्रांतील यंत्रांवरच होत असत. लहान गॅरेजवाला गिऱ्हाइकास परत पाठवी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांस उपलब्ध करून द्यावीत असे म्हटले आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी पोर्टल सुरू केले व त्यात मोटारींचाही समावेश केला. प्रत्यक्ष गॅरेजात मात्र अद्याप बहुउद्देशीय स्कॅनरवरच भिस्त आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकलेला तरुण संकेत वाचू शकतो. त्यास कमी पडते ती उस्तादाची संशयी नजर. उलट उस्तादास आकडे वाचण्याचा सराव नसतो. जेथे हे दोघे एका गाडीवर काम करतात तेथे निदान लवकर होते, हे सहज समजण्यासारखे आहे. एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारसायकली व स्कूटरींतही स्वयंनिदानाची दुसरी पायरी आली असल्यामुळे गावातील दुचाकी मेकॅनिकासही लवकरच हीच गरज भासेल. जिल्हा पातळीवर प्रशिक्षण आखताना त्याचा विचार व्हावा.

कार्यालयीन वाहनाच्या बाबतीत देयकासोबत पुढील गोष्टी मागणे अवघड नाही : दुरुस्तीपूर्वीच्या संकेतांची छापील प्रत व क्षणचित्र, कोणत्या चाचणीवरून कोणता भाग दोषी ठरविला याची दोन ओळींची नोंद, काढलेला जुना भाग, आणि किमान आठवड्याभराच्या वापरानंतरची दुसरी छापील प्रत, दोहोंवर किलोमीटरच्या आकड्यासह. वाहनाच्या नोंदवहीत या प्रती लावून ठेवल्या तर बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्यास व नव्या चालकास गाडीचे जुने दुखणे पहिल्याच दिवशी कळते.